वित्त विषयातील परदेशी पदव्युत्तर प्रवेश : अर्जात करिअरचे उद्दिष्ट कसे मांडावे

परदेशी विद्यापीठात वित्त विषयाच्या मास्टर्ससाठी अर्ज करताना पदवी झाल्यावर नेमके काय करणार, हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात विचारला जातोच. कुठे त्यासाठी स्वतंत्र निबंध मागतात, कुठे ते स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबतच्या हेतुपत्रात) लिहावे लागते, तर कुठे चित्रित उत्तराच्या मुलाखतीत मिनिटभरात सांगावे लागते. प्रवेश समितीला यातून दोन गोष्टी तपासायच्या असतात : आपला अभ्यासक्रम या अर्जदाराच्या उपयोगाचा आहे का, आणि पदवीनंतर त्याला ती नोकरी मिळण्याची वाजवी शक्यता आहे का. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक कठीण ठरतो, कारण तिथे गुणवत्तेबरोबरच काम करण्याच्या परवान्याचाही विचार करावा लागतो.

पात्रतेपासून सुरुवात करू. मास्टर इन फायनान्सचे बहुतेक अभ्यासक्रम नुकतीच पदवी घेतलेल्या किंवा अल्प अनुभव असलेल्या उमेदवारांसाठी असतात आणि त्यातून प्रामुख्याने विश्लेषक पदावर भरती होते. वित्तीय अभियांत्रिकीसारख्या गणितप्रधान अभ्यासक्रमांना कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यताशास्त्र यांची आधीची तयारी लागते. त्यामुळे क्वांट (गणिती प्रारूपांवर काम करणारा वित्त विश्लेषक) व्हायचे आहे असे लिहिणाऱ्या अर्जदाराच्या गुणपत्रकात हे विषयच नसतील, तर त्याचे उद्दिष्ट पहिल्याच वाचनात कोसळते. मास्टर्सनंतर थेट प्रायव्हेट इक्विटीत (कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्याने विकणाऱ्या गुंतवणूक कंपन्यांत) जाण्याचा मानसही असाच अडचणीचा ठरतो, कारण त्या कंपन्या सहसा गुंतवणूक बँकेत दोनेक वर्षे काढलेल्यांना घेतात. ही वाट लक्षात न घेता प्रायव्हेट इक्विटी हीच पहिली पायरी म्हणून लिहिणे, यात महत्त्वाकांक्षेपेक्षा अपुरी चौकशीच दिसते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. ‘जागतिक वित्तक्षेत्रात नेतृत्व करण्याची माझी इच्छा आहे’ हे वाक्य कोणाच्याही अर्जात खपून जाईल, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी पुढील मजकूर पाहा : ‘पदवीनंतर व्यापारी बँकेत किंवा पतमानांकन संस्थेत पतजोखीम विश्लेषक म्हणून काम करण्याचा माझा मानस आहे. सध्याच्या नोकरीत मी लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांसोबतचे ताळेबंद तपासतो. परंतु कर्ज थकण्याची शक्यता मोजणारी प्रारूपे बांधण्यासाठी लागणारे सांख्यिकीचे शिक्षण माझ्याकडे नाही.’ यात पद आहे, संस्थेचा प्रकार आहे, आधीचे काम आहे आणि अभ्यासक्रमाची गरज कुठे पडते तेही आहे. त्या विद्यापीठातील ज्या विषयाने ही उणीव भरून निघेल, त्याचे नाव पुढच्या वाक्यात आले की परिच्छेद पुरा होतो. दीर्घकालीन उद्दिष्ट एक-दोन वाक्यांत आटोपले तरी चालते. त्याची कोणी फारशी उलटतपासणी करत नाही.

परवान्याचा भाग मात्र देशानुसार बदलतो आणि तो अर्ज लिहिण्याआधीच तपासावा लागतो. अमेरिकेचे उदाहरण घेऊ. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयाशी निगडित काम करण्याची मुभा ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग) या तरतुदीखाली मिळते. अभ्यासक्रम सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित) यादीत बसत असेल, तर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. अभ्यासक्रम त्या यादीत बसतो की नाही, हे त्याच्या नावावरून नव्हे तर सीआयपी कोडवरून (अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणातील क्रमांकावरून) ठरते. सर्वसाधारण वित्त या विषयाचा ५२.०८०१ हा कोड यादीत नाही, तर वित्तीय गणिताचा २७.०३०५ हा कोड आहे. म्हणून मिळत्याजुळत्या नावाच्या दोन अभ्यासक्रमांतून बाहेर पडणाऱ्यांपैकी एकाला १२ महिने आणि दुसऱ्याला ३६ महिने मिळू शकतात. हा कोड आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्रावर) छापलेला असतो, पण तोवर प्रवेश झालेला असल्याने प्रवेश कार्यालयाला आधीच ई-मेल करून विचारणे शहाणपणाचे. मुदतवाढीसाठी नोकरी देणारी संस्था ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांचा कामाचा हक्क पडताळणाऱ्या सरकारी योजनेत नोंदलेली असावी लागते आणि तिला आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्यावर सहीही करावी लागते. अगदी लहान गुंतवणूक संस्थेत काम करण्याचे उद्दिष्ट लिहिणाऱ्याने याचा विचार केलेला बरा. त्यानंतरच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २०,००० अशी मर्यादा आहे. तेव्हा उद्दिष्टाचा पहिला टप्पा ओपीटीच्या मुदतीत पुरा होईल असा, आणि दुसरा टप्पा अन्य देशातही शक्य असेल असा आखलेला चांगला.

इथे एक पेच उभा राहतो. एफ-१ व्हिसा अस्थायी असून मायदेशातील वास्तव्य कायमचे सोडण्याचा हेतू नाही, हे अर्जदाराला वाणिज्य दूतावासातील मुलाखतीत पटवून द्यावे लागते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४(ब) खाली व्हिसा नाकारला जातो तो बहुधा याच मुद्द्यावर. म्हणून काही सल्लागार विद्यापीठाला एक आणि अधिकाऱ्याला दुसरे सांगायला सुचवतात. हा सल्ला धोक्याचा आहे. ओपीटी हा विद्यार्थी दर्जाचाच कायदेशीर भाग असल्याने पदवीनंतर काही काळ अनुभव घेऊन परतणार, हे खरे असेल तर दोन्हीकडे सांगता येते. परतल्यावर कोणत्या प्रकारच्या संस्थेत आणि कोणते काम करणार, हेही सांगता आले पाहिजे.

कागदपत्रांची यादी नेहमीचीच असते : गुणपत्रके, रेझ्युमे, इंग्रजीच्या चाचणीचे गुण, मागितल्यास जीमॅट किंवा जीआरई या प्रवेश चाचणीचे गुण, शिफारसपत्रे आणि पुढे आय-२० साठी आर्थिक क्षमतेचा पुरावा. यांपैकी शिफारसपत्रांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अर्जदार पतजोखमीबद्दल लिहितो आणि प्राध्यापक त्याच्या विपणन प्रकल्पाची स्तुती करतात, असे होऊ नये म्हणून उद्दिष्टाचा परिच्छेद आणि रेझ्युमे शिफारस करणाऱ्यांकडे मुदतीच्या किमान महिनाभर आधी पोचता करावा.