होगन चषक: वसतिगृहं, विलीनीकरणं आणि ‘सतराच्या आत’चा वाद

लर्गनच्या सेंट रोनन्स कॉलेजने २०१८ मध्ये आधी अल्स्टर प्रांताचा मॅक्‌रोरी चषक पटकावला आणि मग वेस्टपोर्टच्या राइस कॉलेजला हरवून अखिल आयर्लंड शालेय गेलिक फुटबॉलचा होगन चषकही नेला. शाळेचं वय तेव्हा तीन वर्षंही नव्हतं. निदान कागदावर तरी. सप्टेंबर २०१५ मध्ये गावातल्या तीन कॅथलिक शाळा एकत्र करून ती उभी केली होती, आणि त्यांतल्या ग्रामर स्कूलमध्ये (गुणांवर निवडून मुलं घेणारी शाळा) फुटबॉल आधीपासून मुरलेला होता.

या विलीनीकरणामागे एक खास स्थानिक गुंता आहे. उत्तर आयर्लंडमध्ये इतरत्र मुलांची चाळणी अकराव्या वर्षी लागायची. लर्गन, पोर्टडाउन, क्रेगॅव्हन या पट्ट्यात मात्र ती चौदाव्या वर्षी लागे. अकरा ते चौदा ज्युनिअर हायमध्ये, पुढे ज्याचे गुण चांगले तो ग्रामरमध्ये. त्यामुळे पायात जादू असलेला पण गणितात अडकलेला मुलगा नेमका मोठ्या संघात घेण्याच्या वयात दुसरीकडे जाण्याची शक्यता असायची. तीन शाळांची एक झाली आणि अकरा ते अठरा वयाची सगळी मुलं एकाच पटावर आली. २०१८ च्या विजयानंतर कौतुक प्रशिक्षकांचं आणि त्या ‘सोनेरी’ पिढीचं झालं. ते योग्यच होतं. पटाचं मात्र फारसं कोणी बोललं नाही.

होगन चषकाच्या विजेत्यांची यादी वरून खाली वाचत गेलं, तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या घोडदौडीच्या मागे पट कसा भरला जातो याचीच गोष्ट सापडते.

जुना काळ थोडक्यात. मॅक्‌रोरी चषक १९२३ मध्ये एका बिशपने दिला. तो पुढे कार्डिनल झाला. अखिल आयर्लंड स्पर्धा १९४६ पासूनची. पहिल्या अंतिम सामन्यात आर्माच्या सेंट पॅट्रिक्सने ट्यूअमच्या सेंट जार्लथ्सला ३-११ विरुद्ध ४-७ असं (आधी गोल, मग गुण; एक गोल म्हणजे तीन गुण), म्हणजे एका गुणाने हरवलं. डंगॅननहून आलेल्या एका मुलाने त्या दिवशी तीन गोल केले आणि त्याच्या टिरोन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग, तिचा स्वतःचा संघ असतो) त्याचं नाव पुढची कित्येक वर्षं निघत राहिलं. १९४७ मध्ये चषक ट्यूअमकडे गेला. १९४८ नंतर स्पर्धाच बंद पडली, ती १९५७ मध्ये पुन्हा सुरू झाली.

त्या काळातल्या बहुतेक बलाढ्य शाळा धर्मप्रांतांची कॉलेजं होती (कॉलेज म्हणजे इथे माध्यमिक शाळाच). पुरोहित घडवण्यासाठी काढलेली, वसतिगृहाची, कडक शिस्तीची. काउंटीभरातली आणि शेजारच्या काउंट्यांतलीही मुलं सप्टेंबरात पेटी घेऊन यायची आणि नाताळपर्यंत तिथेच असायची. संध्याकाळी मैदानाशिवाय दुसरी करमणूक नाही, सरावाला कोणी गैरहजर राहायचा प्रश्न नाही. गावातली दिवसा भरणारी शाळा अशा संघापुढे कितीशी टिकणार?

सेंट जार्लथ्सचे बारा होगन चषक, म्हणजे कोणत्याही शाळेपेक्षा जास्त, या व्यवस्थेतून आले आहेत. १९६० मध्ये त्यांनी चषक घेतला, त्याच वर्षी त्यांच्या काउंटीच्या, म्हणजे गॉलवेच्या मुलांनी मायनर, म्हणजे तेव्हाच्या १८ वर्षांखालील गटाचं अखिल आयर्लंड विजेतेपदही मिळवलं, आणि १९६४, ६५, ६६ असं ओळीने तीन वर्षं गॉलवेच्या मोठ्या संघाने सॅम मॅग्वायर चषक, म्हणजे काउंट्यांचं अखिल आयर्लंड विजेतेपद, नेला. शाळेच्या १९६० च्या संघातला एक बचावपटू त्यांतल्या शेवटच्या दोन वर्षी काउंटीचा कर्णधार होता. हाच प्रकार पुन्हा घडला: १९९४ च्या विजेत्या शालेय संघातले अनेकजण चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, गॉलवेकडून सॅम मॅग्वायर जिंकणाऱ्या संघात होते. शाळेचा शेवटचा होगन चषक २००२ चा. वसतिगृह या शतकाच्या पहिल्या दशकात इतिहासजमा झालं आणि २००९ मध्ये गावातल्या दुसऱ्या मुलांच्या शाळेशी विलीनीकरण झालं. तेराव्या चषकाची वाट ट्यूअम अजून पाहतंय.

उत्तरेत पट वेगळ्या कारणाने बदलला. १९४७ च्या शिक्षण कायद्याने अकराव्या वर्षीची परीक्षा पास होणाऱ्या मुलाला ग्रामर स्कूलचं दार फी न भरता उघडलं. कामगार आणि शेतकरी कुटुंबांतल्या कॅथलिक मुलांची एक अख्खी पिढी त्यातून आत शिरली. १९६५ मध्ये डेरीच्या सेंट कोलंब्सने होगन चषक घेतला आणि त्याच वर्षी डेरीचे मायनरही विजेते ठरले. १९६७ मध्ये न्यूरीच्या सेंट कोलमन्सचा पहिला चषक आला. आज त्यांच्याकडे आठ आहेत. १९७१ मध्ये बेलफास्टच्या सेंट मेरीजने जिंकला. शहरातले रस्ते हिंसाचाराने पेटत होते, तिथे मुलं सरावाला कशी जात असतील, हा प्रश्न निकालांच्या यादीत दिसत नाही. दक्षिणेत, म्हणजे आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, सोबत शाळेच्या बसगाड्या आल्या. वसतिगृहाची मक्तेदारी तिथेच सैल व्हायला लागली. कॉर्क शहरातल्या कोलाश्ते क्रीस्त रीने १९६८ आणि १९७० मध्ये चषक नेला, तो याच बदलाच्या सुमारास.

मॅहराच्या सेंट पॅट्रिक्सची गोष्ट त्याहून पुढची. ही डेरी काउंटीच्या दक्षिण भागातली, परिसरातल्या सर्व प्रकारच्या मुलामुलींना घेणारी शाळा. चाळणी लावून एका शाळेने ‘हुशार’ फुटबॉलपटू न्यायचे आणि दुसरीने उरलेले सांभाळायचे, असं इथे घडलं नाही. १९८९, १९९०, १९९५, २००३ आणि २०१३ असे पाच होगन चषक. १९८९ मध्ये पुन्हा शाळा आणि डेरीचे मायनर एकाच वर्षी विजेते, आणि १९९३ मध्ये डेरीने आपला एकमेव सॅम मॅग्वायर चषक जिंकला तेव्हा त्या संघावर या शाळेचा ठसा स्पष्ट होता.

डिंगलचा दाखला लर्गनच्या आधीचा आणि जास्त बोलका आहे. आयरिश भाषिक पट्ट्यातल्या या गावात मुलांची आणि मुलींची शाळा एकत्र होऊन २००७ मध्ये पोबलस्कोल खोरका ग्विव्न झाली. २०१४ मध्ये त्यांनी मॅहराला अंतिम सामन्यात हरवलं, २०१५ मध्ये रॉसकॉमनच्या शाळेला. द्वीपकल्पातल्या सगळ्या क्लबांची मुलं एकाच शाळेत येत असल्यामुळे शाळेचा संघ म्हणजे पंचक्रोशीचा संघच झाला. ‘शाळा म्हणावं की निवड-संघ?’ अशी कुरबूर अशा वेळी ठरलेली. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळात तर २०१३ ला डन्गार्व्हनमधल्या शाळांच्या संयुक्त संघाने अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं, तेव्हा ती अधिक उघडपणे झाली. खेळापुरतं एकत्र येणं खटकतं आणि कायमचं एकत्र येणं चालतं, हा फरक मला कधीच फारसा पटलेला नाही. मैदानावर उतरणारी मुलं तीच असतात.

आता मुख्य वादाकडे. शालेय स्पर्धेचं वजन आज वाढलंय, पण ते शाळांच्या कोणत्याही निर्णयामुळे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेलिक खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या (जीएए) वार्षिक अधिवेशनात मायनर गट १८ वरून १७ वर्षांखाली आणण्याचं ठरलं, अंमल २०१८ पासून. २१ वर्षांखालील गट २० वर आला. मूळ प्रस्ताव याहून कडक होता. आदल्या नोव्हेंबरात संघटनेच्या तेव्हाच्या सर्वोच्च प्रशासकाने खेळाडूंच्या दमछाकीवर एक टिपण मांडलं होतं. त्यात काउंटीची २१ वर्षांखालील फुटबॉल स्पर्धा बंदच करावी असं सुचवलं होतं. अधिवेशनाने ती बंद केली नाही, एक वर्ष कापून ठेवून दिली.

कारण खरं होतं. सतरा-अठरा वर्षांचा चांगला खेळाडू एकाच हंगामात शाळेकडून, क्लबच्या मायनर संघाकडून, क्लबच्या मोठ्या संघाकडून आणि काउंटीच्या मायनर संघाकडून खेळायचा. प्रत्येक प्रशिक्षकाला वाटे की हा आपलाच. त्यात शालान्त परीक्षा: दक्षिणेत जूनच्या पहिल्या आठवड्यात लीव्हिंग सर्ट, उत्तरेत मे-जूनमध्ये ए लेव्हल. काउंटी मायनरच्या सुरुवातीच्या फेऱ्या वसंतात, मग परीक्षेसाठी खंड, मग उन्हाळ्यात पुन्हा. सतराच्या आत आणलं की बहुतेक मुलांचं मायनरचं वर्ष शालान्त परीक्षेच्या वर्षाच्या अलीकडे जातं, हा हिशेब.

हिशेबात एक वर्ष मात्र गळलं. पूर्वी अठराव्या वर्षी मुलाला आपल्या वयाच्या मुलांबरोबर काउंटीचा गणवेश मिळत होता, तोही सप्टेंबरात डब्लिनच्या क्रोक पार्क या मुख्य मैदानावर, मोठ्यांच्या अंतिम सामन्याच्या आधी. जुन्या गटाचा शेवटचा अंतिम सामना १७ सप्टेंबर २०१७ चा. केरीने डेरीला ६-१७ विरुद्ध १-८ असं धुतलं आणि केरीच्या कर्णधाराने एकट्याने ४-४ नोंदवले. हाच मुलगा २०१६ आणि २०१७ मध्ये होगन चषक जिंकणाऱ्या किलार्नीच्या सेंट ब्रेंडन्सच्या संघात होता. शाळा आणि काउंटी, दोन्ही पायऱ्या एकाच वयात चढायला मिळालेली ही शेवटची तुकडी. २०१८ मध्ये तो थेट केरीच्या मोठ्या संघात गेला. मोठ्या संघाकडून चॅम्पियनशिप खेळलेल्या मुलाला त्या वर्षीच्या २० वर्षांखालील फुटबॉलमध्ये खेळता येणार नाही, असा नियम नव्या गटासोबत आला होता. तोही नंतर सैल करावा लागला.

त्याच्यासारख्याचं काही अडलं नाही, अडणारही नव्हतं. प्रश्न होता उशिरा उमलणाऱ्यांचा. सोळाव्या वर्षी अंगाने बारीक, अठराव्या वर्षी खांदे भरलेले असे मुलगे आता काउंटीच्या निवडकर्त्यांपुढे येणार कुठे? विसाच्या आतल्या गटात अठराव्या वर्षी जागा मिळणारे थोडेच. उरते शाळा. शालेय मोठ्या गटात अठरा-एकोणीसपर्यंतची मुलं खेळतात, त्यामुळे त्या वयाचा सर्वांत चांगला फुटबॉल पाहायचा असेल तर मॅक्‌रोरी किंवा होगनच्या सामन्याला जाणं आलं. शाळांनी मागितलं नव्हतं, त्यांच्या पदरात पडलं.

इथेच माझी तक्रार आहे. काउंटीचा मायनर संघ काउंटीतल्या कोणत्याही शाळेतल्या मुलाला घेऊ शकतो. होगन चषक खेळायला मात्र अशा शाळेत असावं लागतं जिचा संघ वरच्या गटात आहे. ब आणि क गटातल्या शाळांतल्या मुलांसाठीही राष्ट्रीय स्पर्धा आहेत, पण निवडकर्त्यांची नजर तिकडे तितकी जात नाही. म्हणजे परीक्षेचं ओझं कमी करायला निघालेल्या निर्णयाने ‘मुलाला कोणत्या शाळेत घालायचं’ या प्रश्नाला नवीन वजन दिलं. लर्गन आणि डिंगलसारख्या एकत्र केलेल्या मोठ्या शाळांचा त्यात फायदाच आहे.

बदलाचं मोजमाप निकालांतही दिसतं. १९६०, १९६५, १९८९ या वर्षांत शाळा आणि तिच्या काउंटीचा मायनर संघ एकाच वर्षी जिंकले होते. २०२३ आणि २०२४ मध्ये मायनरचं विजेतेपद दोन्ही वेळा डेरीकडे गेलं, होगन चषक दोन्ही वेळा टिरोनमधल्या ओमाच्या ख्रिश्चन ब्रदर्स शाळेकडे. मग टिरोनला त्याचं फळ कुठे मिळालं? वरच्या पायरीवर: २० वर्षांखालील विजेतेपद त्यांनी २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये घेतलं. २०२३ च्या होगन अंतिम सामन्यात ओमासमोर स्लायगोचं समरहिल कॉलेज होतं, आणि त्याच वर्षी स्लायगो विसाच्या आतल्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोचलं. तिथे ते किल्डेअरकडून हरलं. त्याच किल्डेअरमधल्या नेसच्या शाळेने आदल्या वर्षी होगन चषक जिंकला होता. एवढ्या थोड्या वर्षांवरून नियम सांधणं घाईचं होईल, पण रोख कुठे आहे ते कळतं.

नेसचा २०२२ चा विजय आणखी एका कारणाने वेगळा आहे. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे अर्ध्यावर थांबली होती, २०२१ ची झालीच नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यात नेसची मुलं एनिस्किलनच्या सेंट मायकल्सकडून हरली होती. मधल्या काळात शाळेतली तुकडीच बदलली. नेस हे डब्लिनला रोज ये-जा करणाऱ्यांचं, भराभर वाढलेलं गाव. इथे पट वसतिगृहाने किंवा विलीनीकरणाने फुगवला नाही. नव्या वसाहतींनी फुगवला.

तो सामना सेंट पॅट्रिक डेला, १७ मार्चला, क्रोक पार्कवर झाला. २०१९ पर्यंत ती तारीख क्लबांच्या अंतिम सामन्यांची होती. क्लबांचा हंगाम जानेवारीत संपायला लागला आणि दिवस मोकळा झाला. होगन चषकाला राष्ट्रीय सण मिळाला खरा, पण अल्स्टरमध्ये हा दिवस कित्येक पिढ्या मॅक्‌रोरीच्या अंतिम सामन्याचा होता. आता प्रांताचा सामना त्याआधीच उरकावा लागतो, आणि न्यूरी-आर्माकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवशी आपल्या शाळेला पाहायचं असेल तर ती आधी प्रांत आणि मग उपांत्य फेरी जिंकून डब्लिनला पोचावी लागते.