पुरळ वाळलं, आग राहिली

अंगावर पुरळ होऊन उठणाऱ्या नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं गावोगाव ऐकायला मिळतं. ती सहसा जुळतच नाही, कारण नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच, शरीराच्या एका बाजूला उठते. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला: खपल्या पडून गेल्यावर तीन महिन्यांनीही न थांबणाऱ्या आगीला. सदऱ्याचं कापड नुसतं घासलं तरी माणूस कळवळतो.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. वय वाढून प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि त्याच तंतूवाटे त्वचेकडे येतो. वाटेत गाठ सुजते, काही पेशी मरतात. उरलेले तंतू विनाकारण संदेश धाडू लागतात आणि मज्जारज्जूही हलक्या स्पर्शाला वेदना समजू लागतो. हे बिघडलेलं पुन्हा बसवणं फार कठीण, म्हणून सारा भर आधीच रोखण्यावर.

पुरळ उठल्यापासून पहिले 72 तास मोलाचे. बरेचदा त्याआधी दोन-चार दिवस एकाच बाजूला ठणका किंवा चुरचुर असते. ती छातीत असेल तर हृदयाची, पाठीत असेल तर उसण भरल्याची शंका येते. त्यानंतर पट्ट्यात फोड दिसले की गेरूचा लेप आणि मंत्र यांत दोन दिवस घालवू नयेत. असायक्लोविर या विषाणूरोधक औषधाचं मलमही इथे कामाचं नाही, गोळ्याच हव्यात. मात्रेतही चूक होते. ओठावरच्या हर्पिसच्या फोडांना 200 किंवा 400 मिलिग्रॅम पुरतात, नागिणीला 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किमान 7 दिवस लागतात. म्हणजे सकाळी 7, 11, दुपारी 3, संध्याकाळी 7, रात्री 11. हे पाळणं जड जातं, म्हणून अनेक डॉक्टर त्याच जातीचं व्हॅलासायक्लोविर 1 ग्रॅम तीन वेळा देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावीच लागते, नाहीतर वयस्क माणूस बरळू लागू शकतो. पाणी भरपूर प्यावं. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळाही धोक्यात असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

या गोळ्यांनी पुरळ लवकर सुकतं, सुरुवातीचा ठणका कमी होतो. मात्र पुढची दीर्घ वेदना त्या खात्रीने टाळतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही. स्टेरॉइडनेही ती टळत नाही. साठी ओलांडलेली, पहिल्याच आठवड्यात झोप उडवणारी वेदना असलेली आणि दाट पुरळ उठलेली माणसं जास्त जोखमीत. त्यांनी दुखणं अंगावर काढू नये.

खरा बचाव लशीचा. शिंग्रिक्स 2023 पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतर दंडाच्या स्नायूत दोन डोस, दोघांत 2 ते 6 महिन्यांचं अंतर. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांमध्ये नागीण सुमारे 97 टक्क्यांनी, तर सत्तरीपुढे सुमारे 90 टक्क्यांनी घटली. नागीणच न उठल्याने मागची आगही जवळपास तितकीच कमी झाली. लस महाग आहे, आणि दंड दुखणं, अंगदुखी, ताप हे दोन-तीन दिवस होऊ शकतं. त्या त्रासाला कंटाळून दुसरा डोस टाळणारे भेटतात; एका डोसावर एवढं संरक्षण मिळत नाही. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही ही लस घेता येते, फक्त पुरळ पूर्ण बरं झाल्यावर.