जबाबदारी आधी, हिंमत नंतर

सरपंचपद बाईसाठी राखीव सुटलं की आमच्या विदर्भातल्या पारावर हमखास ऐकू येतं, "तिले जमन का?" अंगात हिंमत आधी हवी, जबाबदारी मग द्यावी, असा त्यामागचा समज. मानसशास्त्र हा क्रम उलटा लावतं. 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली केली. दुसऱ्याला करताना पाहून, कुणी पाठ थोपटल्याने तो वाढतोच. पण सर्वांत पक्का होतो तो स्वतः काम तडीस नेल्यावर.

गडचिरोलीत हे घडलेलं आहे. गावच्या सुइणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी साधं यंत्र केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर 10 श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मर्यादेवरचा लाल मणी आला तर न्यूमोनियाचा धोका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ही मर्यादा मिनिटाला 60 श्वासांची. शाळेची पायरी न चढलेली सुईण आता निदान करू लागली!

पुढे 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. आधी निरीक्षण आणि नोंदी, मग उपचार, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनसुद्धा. वरचेवर तपासायला पर्यवेक्षक येत. जबाबदारी खरी होती, पण बाई एकटी नव्हती. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

गावाची नजरही अशीच हळूहळू तयार होते. पश्चिम बंगालमधल्या एका अभ्यासात, पहिल्यांदा निवडून आलेल्या महिला प्रधानांना, म्हणजे तिथल्या सरपंचांना, लोकांनी पुरुषांपेक्षा कमी गुण दिले. दुसऱ्यांदा आरक्षण आलेल्या गावांत हा दुजाभाव उरला नाही.

म्हणून 'सरपंचपती' कारभार हाकतो तेव्हा फार मोठं नुकसान होतं. तिची शिकण्याची संधी जाते आणि गावाचीही. पहिल्या ग्रामसभेत जमाखर्च तिनेच वाचावा, अडखळत का होईना. अडलंच तर सांगायला ग्रामसेवक शेजारी असावा. नवऱ्याने समोर, गावकऱ्यांत बसावं.