लीप एकट्या पोराला : सुपरमॅनच्या मुलावरून पेटलेल्या वादाची पार्श्वभूमी

कॉमिक्समधल्या सुपरमॅनचा मुलगा जॉन केंट २०१८च्या उन्हाळ्यात आजोबांबरोबर अंतराळात गेला, तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. ते वर्ष सरता सरता तो परतला, तो सतरा वर्षांचा होऊन. मधल्या काळात गोष्टीतल्या पृथ्वीवर उलटले होते जेमतेम काही आठवडे. मे महिन्याच्या सुट्टीत गावी पाठवलेलं पोर जूनमध्ये मिसरूड घेऊन दारात उभं राहावं, तशातला प्रकार. त्यावरून वाचकांमध्ये जी ठिणगी पडली ती अजून विझलेली नाही. सुपरमॅनचं काहीही नवं जाहीर होऊ द्या, 'आमचा छोटा जॉन परत द्या' म्हणणारं कुणीतरी निघतंच. नव्यानं वाचायला लागलेल्याला हा आकांत जरा अति वाटतो. कागदावरच्या पोराचं वय वाढलं तर एवढं काय बिघडलं? ते कळायचं तर थोडं मागं जावं लागतं. फार मागं नाही.

सुपरमॅनला मुलगा असण्याची कल्पना तशी जुनीच, पण तिला कायम मागचं दार ठेवलेलं असे. पन्नास-साठच्या दशकांत त्याचा संसार, त्याची मुलं दाखवली जात, ती 'ही काल्पनिक कथा आहे' असा शिक्का मारून. (सगळ्याच कथा काल्पनिक, त्यात ही आणखी काल्पनिक!) सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्या तरुण मुलांची जोडी 'वर्ल्ड्स फायनेस्ट' या कॉमिक्स मालिकेत आली. बापांशी हुज्जत घालणारी, मोटरसायकलवरून भटकणारी ही पोरं वाचकांना दिसली, त्यांच्या आयांचे चेहरे मात्र कधी दाखवलेच नाहीत. १९८०मध्ये खुलासा झाला की ही दोघं म्हणजे संगणकावर रचलेला खेळ होता. २००६मध्ये क्लार्क (म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन) आणि त्याची बायको लॉइस यांनी ख्रिस नावाच्या परग्रहावरच्या मुलाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तोही पुढं 'फँटम झोन' नावाच्या तुरुंगासारख्या मितीत अडकला आणि २००९च्या सुमारास एकदम तरुण होऊन बाहेर आला. म्हणजे जॉनच्या बाबतीत जे घडलं ते या घरात आधीही घडून गेलं होतं. पण ख्रिस घरात रुळायच्या आतच गेला होता. त्याच्यावरून आजच्याइतका गदारोळ झाला नाही.

खरी ठसठस सुरू झाली २०११मध्ये. १९९६पासून क्लार्क आणि लॉइस नवरा-बायको होते. पंधरा वर्षांचा संसार वाचकांच्या अंगवळणी पडला होता. २०११मध्ये प्रकाशकांनी सगळ्या मालिकांची पाटी पुसून नव्यानं सुरुवात केली आणि त्या पुसण्यात हे लग्नही गेलं. घटस्फोट नाही, भांडण नाही, लग्न झालंच नव्हतं असं ठरलं. नवा सुपरमॅन तरुण, एकटा आणि जरा तुसडा. जुन्या वाचकांना तो परका वाटला. चार वर्षं ही मंडळी कुरकुरत होती. २०१५मध्ये एका मोठ्या कथानकाच्या आडोशानं जुनं जोडपं परत आणलं गेलं आणि त्याच कथानकात लॉइसला मुलगा झाला. तोच जॉन.

त्याच्याबद्दलचा जिव्हाळा इथून येतो. जॉन हा नुसता गोड पोरगा नव्हता, काढून घेतलेलं घर परत मिळाल्याची ती पावती होती. हे कुटुंब आधी आडनाव बदलून कॅलिफोर्नियात लपून राहिलं. गोष्टीच्या हिशेबानं तिथं बरीच वर्षं गेली आणि जॉन शाळकरी झाला. २०१६मध्ये दुसरा, म्हणजे २०११चा तो तरुण सुपरमॅन मेला आणि आपल्या क्लार्कनं पुन्हा झगा चढवला. बिऱ्हाड शेतावर हललं. पुढची दोन वर्षं जी मालिका आली तिच्यात राक्षस, रोबो, परग्रहवासी सगळं होतंच, पण लोकांना आठवतं ते वेगळं.

पहिल्याच अंकातला प्रसंग घ्या. शेतावरच्या घरी गोल्डी नावाची मांजर आहे. एक शिकारी पक्षी तिला उचलतो. जॉन तिला सोडवायला धावतो, घाबरतो आणि त्याच्या डोळ्यांतून पहिल्यांदाच आग सुटते. पक्ष्याबरोबर मांजरही जळून जाते. वाचवायला गेलेल्या पोराच्या नजरेनंच ती मेली. हे घरी सांगायला तो धजत नाही. सुपरहिरोच्या पुस्तकात शहरंच्या शहरं कोसळतात आणि आपण पान उलटतो, पण या एका मांजरीवर वाचक थांबले. कारण पुढचा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या ओळखीचा होता : ज्या हातांनी पोर उद्या कुणाचं तरी नुकसान करू शकतं, ते हात त्याला वापरायला शिकवायचे कसे? आणि इथला बाप जगातला सर्वांत ताकदवान माणूस असूनही त्याच्याकडे तयार उत्तर नव्हतं. आणखी एका अंकात 'आज दिवसभर मी सुपरमॅन नाही' असं कबूल करून क्लार्क बायको-मुलाला घेऊन गावच्या जत्रेला जातो. शब्द पाळणं त्याला जमत नाही, हे सांगायला नकोच.

२०१७मध्ये जॉनला दोस्तही मिळाला. बॅटमॅनचा मुलगा डेमियन, वय तेरा. मारेकऱ्यांच्या टोळीत वाढलेला, आढ्यताखोर, जॉनला सतत पाण्यात पाहणारा. उंचीवरून दोघांची चिडवाचिडवी, कारण दहा वर्षांचा जॉन तेराच्या डेमियनहून उंच. 'सुपर सन्स' ही त्यांची मालिका निघाली. ज्यांना सुपरमॅनशी फारसं देणंघेणं नव्हतं, असेही वाचक तिनं ओढून आणले. जॉनच्या वयाला हात लागला तेव्हा सगळ्यात आधी कळवळले ते हेच लोक.

२०१८मध्ये सुपरमॅनच्या दोन्ही मुख्य मालिका एका नामवंत लेखकाच्या हाती गेल्या. त्यानं सुरुवातीलाच घर रिकामं केलं. सुपरमॅनचा जन्मदाता जोर-एल, जो क्रिप्टॉन या आपल्या ग्रहाबरोबर मेला असं आपण समजत होतो, तो येऊन नातवाला विश्वाची सफर घडवतो म्हणतो. लॉइस सोबत जाते, पण पोराला आजोबाकडे ठेवून एकटीच आधी परतते. इथंच अनेकांचा पहिला आक्षेप आहे. याच आजोबानं वर्षभरापूर्वी वेषांतर करून पृथ्वीवर उच्छाद मांडला होता. अशा माणसाच्या हवाली एकुलता मुलगा करतील ते हे आईबाप नव्हेत, असं वाचकांचं म्हणणं. मला ते पटतं. वय वाढण्याआधीच विश्वासार्हता घसरली होती.

मग सतराचा जॉन परततो आणि हकीगत सांगतो. तो एका कृष्णविवरातून भलत्याच विश्वात, 'अर्थ-थ्री'वर जाऊन पडला. तिथं चांगले ते वाईट आणि वाईट ते चांगले. तिथला सुपरमॅन म्हणजे अल्ट्रामॅन. त्यानं जॉनला ज्वालामुखीत कोंडून ठेवलं, एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. तिथून कसाबसा सुटून तो घरी आला.

या प्रकाराला काय म्हणायचं, इथपासून घोळ आहे. आपल्याकडे मालिका बघणारे पटकन म्हणतील, 'लीप घेतला'. कालपर्यंत पाळण्यातलं बाळ सोमवारच्या भागात कॉलेजला जायला लागतं, आई-बाबांच्या कानांवर दोन पांढरे केस रंगवले जातात, गाडी पुढं. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी मालिकांतही हे सर्रास चालतं आणि कॉमिक्सच्या बाजूनं बोलणारे हाच दाखला देतात : यात नवं काय? पण लीप हा शब्द इथं दिशाभूल करतो. लीपमध्ये वर्षं सगळ्यांचीच सरकतात. आईनं ती बघितलेली असतात, बापानं फिया भरलेल्या असतात. आपल्याला दाखवलं नाही एवढंच, पण त्या घरात ती वर्षं जगली गेली असं आपण धरून चालतो. इथं लीप एकट्या पोराला. बापाचे काही आठवडे गेले, मुलाची सहा-सात वर्षं. ती वर्षं वाचकांच्या नजरेआड गेली आणि क्लार्कच्याही नजरेआडच गेली. पहिली दाढी, आवाज फुटणं, उडताना पहिल्यांदा बापाला मागं टाकणं, यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलं नाही.

त्यात तुरुंगाधिकाऱ्याचा चेहरा कुणाचा, तर हुबेहूब बापाचा. जॉननं वाढत्या वयात रोज जो चेहरा पाहिला तो वडिलांचाच होता, फक्त छळणारा. यापेक्षा भयंकर बाप-लेकाची गोष्ट सुपरहिरोंच्या जगात शोधून सापडणार नाही. आणि नेमकी तीच भराभर उरकली गेली. जॉन येतो, आई गहिवरते, बाप सुन्न होतो, हकीगत येते, की लगेच आकाशगंगेतल्या साम्राज्यांची लढाई सुरू. घरी परतलेल्या पोराला झोप लागते का, बापानं अचानक खोलीत पाऊल टाकलं की तो दचकतो का, हे विचारायला कुणी थांबत नाही. माझ्या मते वादाचं मूळ इथं आहे, वयात नाही.

उलट बाजूही रास्त आहे, जरी ती मांडणारे संख्येनं कमी दिसतात. घरात दहा वर्षांचं पोर असलं की नायकाला प्रत्येक संकटात आधी त्याची सोय लावावी लागते. शिवाय 'सुपरबॉय' हे नाव १९४०च्या दशकापासून किशोरवयीन मुलाचं. एकतिसाव्या शतकातल्या 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' या तरुण नायकांच्या टोळीला असा किशोर लागतोच आणि २०१९मध्ये जॉनला त्यांच्याकडे धाडलंही. दुसऱ्या कंपनीच्या एक्स-मेनमध्ये तर एका नायकाचं तान्हं बाळ १९९१मध्ये भविष्यात पाठवलं गेलं आणि बापापेक्षा म्हातारा योद्धा होऊन वावरलं. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण ते बाळ कुणाच्या मांडीवर बसून बोललं नव्हतं. जॉन बोलला होता.

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला बाप-लेकाचा वेगळा नमुना ठाऊक आहे. वेताळ मरतो, मुलगा तोच मुखवटा चढवतो, जंगलाला वाटतं हा अमर. तिथं मुलाचं काम बापाची जागा घेणं एवढंच. अमेरिकी वाचकांनी जॉनमध्ये धरून ठेवलं होतं ते नेमकं उलटं, की जागा घ्यायची घाई नाही, बाप अजून आहे, तू खेळ. २०१८नं ही घाई केली आणि २०२१नं ती पुरी केली. क्लार्क दूरच्या वॉरवर्ल्डवरच्या गुलामांना सोडवायला निघून गेला आणि पृथ्वीवरचा सुपरमॅन झाला जॉन.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जाहीर झालं की जॉन उभयलिंगी आकर्षण असलेला आहे आणि एका तरुण पत्रकाराच्या प्रेमात आहे. त्याच महिन्यात सुपरमॅनच्या जुन्या ब्रीदवाक्यातला अमेरिकेचा उल्लेख जाऊन 'उद्याचं अधिक चांगलं जग' आलं. मग काय, ज्यांनी आयुष्यात एक अंक विकत घेतला नव्हता तेही तावातावानं बोलू लागले. छोट्या पडद्यावर एकेकाळी सुपरमॅन साकारलेल्या अभिनेत्यानंही नाराजी बोलून दाखवली. दुसरीकडे या जॉनमध्ये स्वतःला पाहणारे कितीतरी वाचक पहिल्यांदाच सुपरमॅनकडे वळले. त्यांच्यासाठी सतराचा जॉन हाच जॉन. 'छोटा परत द्या' याचा अर्थ त्यांना 'तुमचा नको' असा ऐकू येतो.

दोन राग इथं असे गुंतले की आता सोडवणं अवघड. २०१८चा राग हरवलेल्या बालपणाचा होता, २०२१चा बराचसा राग वेगळ्याच कारणाचा. पण दुसऱ्या गटानं पहिल्याची भाषा उचलली. 'बालपण हिरावलं' म्हणत मुलाच्या प्रेमावर तोंडसुख घेणं सोपं पडतं. परिणामी, मांजरीच्या प्रसंगावर हळहळणाऱ्या साध्या वाचकालाही आता आधी आपण त्यातले नाही हे सांगावं लागतं.

प्रकाशकांनी दुखणं ओळखलेलं दिसतं. २०२३मध्ये जॉनला पुन्हा अल्ट्रामॅनसमोर उभं करणारी सहा अंकांची मालिका आली, ज्वालामुखीतल्या वर्षांचा हिशेब मागणारी. चार वर्षं उशिरा, पण आली. त्याआधी क्लार्क वॉरवर्ल्डवरून परतला तो दोन अनाथ जुळ्या भावंडांचा सांभाळ पत्करून. त्यांना आवरायला, शिकवायला, रागवायला तो पुन्हा बाप झाला. पहिल्या पोराच्या वेळी राहून गेलेलं तो दुसऱ्यांवर करतोय, अशी कुजबुज वाचकांत झाली. ती काही अगदीच चुकीची नाही.

आणि २०२३च्या सुरुवातीचे सुपरमॅनच्या 'ॲक्शन कॉमिक्स' मालिकेचे अंक हातात घेऊन बघावेत. पुढच्या पानांवर जॉन बापाच्या खांद्याला खांदा लावून मेट्रोपोलिस शहरावरून उडतोय, छातीवर तेच चिन्ह. तोच अंक मागून उघडला की शेतावरचं घर, लॉइस, क्लार्क आणि दहा वर्षांचा जॉन, जुन्या दिवसांतल्या नव्या गोष्टीत. दोन्ही जॉन एकाच पुठ्ठ्याच्या आत, एकाच किमतीत.