आर्क्टिकच्या गावांतला हिपॅटायटिस बी : पार्श्वभूमी

कावीळ म्हटली की आपल्याला आधी पावसाळ्यातले गढूळ पाणी आठवते. ती कावीळ येते आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरते. आर्क्टिकमधल्या इन्युइट या मूळनिवासी लोकांच्या वस्त्यांत डॉक्टर गेली पन्नास वर्षे ज्या विषाणूच्या मागावर आहेत, तो यकृताला ग्रासणारा हिपॅटायटिस बी मात्र वेगळा. तो रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून पसरतो. बाळाला जन्माच्या वेळी लागण झाली, तर दहापैकी नऊ वेळा ती कायमची राहते. धडधाकट मोठ्या माणसात हेच प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली असते. या समाजांत संसर्ग इतका का दिसतो, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते. तिथे लागण लहानपणीच होत होती.

अमेरिकी संशोधक बारूक ब्लूमबर्ग यांनी 1960च्या दशकात या विषाणूचे प्रथिन रक्तात ओळखले आणि त्यानंतर रक्ततपासणीचा मार्ग खुला झाला. पुढच्या दोन दशकांत अलास्का, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये एकामागून एक पाहण्या झाल्या. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या 1980च्या दशकातल्या मोठ्या पाहणीत इन्युइट लोकांत कायमचे वाहक, म्हणजे ज्यांच्या शरीरात विषाणू मुक्कामाला राहिला आहे असे लोक, सुमारे 4 टक्के निघाले, तर तिथल्या गोऱ्या रहिवाशांत एक टक्क्याहूनही कमी. अलास्कात पन्नास हजारांहून अधिक मूळनिवासी लोकांची तपासणी झाली आणि त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 3 टक्के आढळले. मात्र ही सरासरी फसवी आहे. एका गावात वाहकांची संख्या धक्का बसण्याइतकी मोठी, तर दुसऱ्या गावात जवळपास कोणीच नाही, असे चित्र होते. दीडशे माणसांच्या वस्तीत दोन-तीन घरांत विषाणू शिरला की टक्केवारी कुठल्या कुठे जाते. म्हणून ‘इन्युइट लोकांत इतके टक्के’ असे सरसकट लिहिणे मला पटत नाही.

तो पसरत होता कसा? 1970च्या दशकात अलास्कातल्या दोन दुर्गम गावांत संशोधकांनी मुलांची लाळ तपासली, कातडीवरच्या चिघळलेल्या फोडांतला द्रव तपासला, शाळेतली टेबले आणि घरातले पृष्ठभागही पुसून पाहिले. विषाणूचे प्रथिन या सगळ्या ठिकाणी सापडले. हा विषाणू शरीराबाहेर कोरड्या जागेवरही किमान सात दिवस तग धरतो. एका खोलीत दाटीवाटीने झोपणारी भावंडे, अंगावर उघड्या जखमा, हात धुवायला नळाचे पाणी नाही, एवढे त्याला पुरेसे होते.

ही दाटी या लोकांनी हौसेने निवडलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅनडात शिकारीच्या मागे फिरणारी कुटुंबे कायमच्या वस्त्यांत आणली गेली, आणि घरे कधीच पुरेशी बांधली गेली नाहीत. त्याच काळात क्षयरोगाच्या तपासणीसाठी ‘सी. डी. हाउ’ हे जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने फिरे आणि रुग्णांना थेट दक्षिणेतल्या रुग्णालयांत घेऊन जाई. कित्येक जण वर्षानुवर्षे परतले नाहीत, काही कधीच नाहीत. नंतरच्या काळात रक्त मागायला येणाऱ्यांकडे लोकांनी संशयाने पाहिले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

बदलाची सुरुवात अलास्कात झाली. युकॉन आणि कुस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात गावांना जोडणारे रस्ते नाहीत. बेथेल या मुख्य गावातून छोट्या विमानाने, नाहीतर गोठलेल्या नदीवरून जायचे. इथले लोक प्रामुख्याने युपिक, म्हणजे इन्युइटांचे भाऊबंद. इथेच 1981च्या सुमारास पंधराहून अधिक गावांत सुमारे 1,600 जणांना नवी लस देण्यात आली. 1983पासून मोहीम साऱ्या अलास्काभर गेली आणि नवजात बाळांना लस सुरू झाली. ज्यांनी सुरुवातीला लस घेतली, त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांत तीस वर्षांनंतरही संरक्षणाची लक्षणे दिसली. मूळनिवासी मुलांमधली नवी लागण जवळजवळ संपली आणि या विषाणूमुळे मुलांना होणारा यकृताचा कर्करोगही थांबला. रस्ते नसलेल्या मुलखात हे घडले, याचे मोल फार मोठे आहे.

कॅनडाच्या उत्तरेत बाळांची सार्वत्रिक लस 1990च्या दशकात आली. पुढे नुनावुत या तिथल्या इन्युइटबहुल प्रदेशात झालेल्या पाहणीत वाहकांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले होते, आणि लस सुरू झाल्यावर जन्मलेल्यांत तर त्याहून बरेच कमी.

ग्रीनलंडचा मार्ग वेगळा. तिथे 1980च्या दशकापासून फक्त संसर्ग असलेल्या आईच्या बाळालाच लस देण्याचे धोरण होते. पण लागण आईकडूनच होते असे नाही, भावंडांकडून आणि खेळगड्यांकडूनही होते. शिवाय बऱ्याच बाळांचे डोस अर्धवट राहिले. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या वस्तीत तर मुलांमध्ये हिपॅटायटिस डीचा उद्रेक आढळला. हा दुसरा विषाणू बी असल्याशिवाय वाढूच शकत नाही आणि आला की यकृताचे नुकसान झपाट्याने करतो. सर्व बाळांना लस देण्याचा निर्णय तिथे 2010च्या सुमारास झाला. वीस-पंचवीस वर्षांच्या या उशिराची किंमत मुलांनी मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक कोडे मात्र संशोधकांना बराच काळ छळत राहिले. ग्रीनलंडमध्ये वाहक पुष्कळ, तरी यकृताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा कमी. एक संभाव्य कारण विषाणूच्या जातीत आहे. अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये सापडणारा ‘बी-6’ हा उपप्रकार तुलनेने सौम्य दिसतो. जपानमधल्या एका उपप्रकाराशी त्याचे जवळचे नाते आहे. अलास्कात मात्र ‘एफ’ प्रकारही आहे आणि तिथे कोवळ्या वयातल्या कर्करोगाशी त्याचाच संबंध आढळला.

लशीच्या आधी जन्मलेल्यांच्या शरीरातला विषाणू लसीने जात नाही. अलास्कात अशा वाहकांची दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी करण्याची पद्धत 1980च्या दशकात बसवली गेली, कारण कर्करोगाची गाठ लहान असतानाच सापडली तर ती काढता येते. ही पिढी आता उतारवयाला लागली आहे आणि तिची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागणार आहे.