परदेश प्रवासविमा

परदेशात असताना ओढवणारे आजारपण, अपघात वा मृत्यू, रद्द झालेला किंवा खोळंबलेला प्रवास, सामानाची हानी आणि आपल्या हातून दुसऱ्याचे झालेले नुकसान यांचा आर्थिक भार ठराविक हप्त्याच्या बदल्यात विमा कंपनीने उचलण्याचा अल्पमुदतीचा करार. नाव एक असले, तरी एकाच विमापत्रात निरनिराळ्या तत्त्वांचे अनेक करार बांधलेले असतात. रुग्णालयाचा खर्च क्षतिपूर्तीच्या तत्त्वावर, म्हणजे झाला तेवढाच आणि मर्यादेच्या आत, मिळतो. अपघाती मृत्यू किंवा अवयव गमावणे यासाठीची रक्कम आधीच ठरलेली असते, कारण तिथे मोजायला बिल नसते. विमापत्राच्या पहिल्या पानावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा फक्त वैद्यकीय खर्चाचा असतो. दात, सामान, रोख रक्कम, पासपोर्ट यांच्या मर्यादा वेगळ्या आणि बऱ्याच लहान असतात. तो आकडा सगळ्यालाच लागू आहे, या गैरसमजात पुढे होणाऱ्या अनेक तक्रारींचे मूळ सापडते.

‘विमा’ हा शब्द ‘भय’ या अर्थाच्या ‘बीम’ या फार्सी शब्दाशी जोडला जातो. ‘विमा उतरवणे’ हा मराठीतला रूढ प्रयोग. भयाचा भार खांद्यावरून उतरवून दुसऱ्याकडे सोपवणे, अशी त्याची संगती लावता येते.

या विम्याचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो सागरी कर्जापर्यंत मागे नेतात. इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक वक्ता डिमॉस्थिनीझच्या नावावरील एका भाषणात अशा कर्जाचा करारच उद्धृत आहे : जहाज सुखरूप परतले तरच परतफेड, व्याज हजारास २२५ द्रॅक्मा आणि स्वाती नक्षत्राच्या उदयानंतर, म्हणजे वादळी ऋतूच्या तोंडावर, परतीला निघाल्यास ३००. कौटिलीय अर्थशास्त्रात (ज्याचा काळ स्वतःच वादग्रस्त आहे) दरमहा शेकडा सव्वा पण (त्या काळचे नाणे) हे धर्म्य व्याज सांगून व्यवहारात पाच, अरण्यमार्गाने जाणाऱ्यांना दहा आणि समुद्रमार्गाने जाणाऱ्यांना वीस, असे चढते दर दिले आहेत. याज्ञवल्क्य स्मृतीतही दहा आणि वीस हेच आकडे येतात. मुद्दलच बुडण्याची शंका असल्यामुळे हे दर चढे, असा खुलासा त्यावरील मिताक्षरा टीका करते. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारातील जोखमी हुंडीही याच कुळातली. माल पोहोचला तरच ती वटायची. मात्र या सर्व व्यवस्थांमध्ये संरक्षण मालाला आणि भांडवलाला आहे. माल घेऊन जाणारा माणूस त्यांत कोठेच नाही.

दुसरा पक्ष सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडकडे बोट दाखवतो. दूरच्या प्रवासाला निघताना काही रक्कम कोणाकडे ठेवायची. सुखरूप परतल्यास ती तिप्पट किंवा पाचपट मिळायची, न परतल्यास बुडायची. फाइन्स मॉरिसन या प्रवाशाचा भाऊ हेन्री याने जेरुसलेम आणि कॉन्स्टँटिनोपलच्या यात्रेपूर्वी ४०० पौंड असे लावले होते. परत आल्यावर त्याला १,२०० पौंड मिळायचे होते. १५९६ साली सीरियातून परतीच्या वाटेवर तो आजारी पडून मरण पावला आणि रक्कम गेली. या प्रथेला विमा म्हणणे अवघड आहे. विमा संकट आल्यावर पैसे देतो. ही प्रथा संकट न आल्यावर देत होती. हेन्रीच्या आजारात तिने त्याला औषध दिले नाही, की त्याचे शव घरी आणले नाही. तिला पैज म्हणणेच अधिक योग्य.

या वादात ज्या व्यवस्थेकडे फारसे लक्ष गेलेले नाही, ती म्हणजे हँबुर्ग शहराने १६२४ च्या सुमारास उभारलेला खंडणी-निधी. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे चाचे जहाजांतील माणसांना पकडून गुलाम म्हणून विकत. त्यांच्या सुटकेसाठी दर्यावर्दी मंडळींकडून आगाऊ वर्गणी घेतली जाई आणि कोणी पकडला गेल्यास निधीतून खंडणी भरून त्याला सोडवले जाई. इथे हप्ता आहे, जोखीम अनेकांत वाटलेली आहे आणि भरपाईचे रूप आहे माणूस परत येणे. आजच्या प्रवासविम्याचा गाभाही तोच असल्याने वंशावळ लावायचीच झाली, तर ती मालाच्या विम्यापेक्षा इकडून लावणे सयुक्तिक वाटते.

व्यापारी स्वरूपातील प्रवासविमा रेल्वेबरोबर आला, याविषयी मात्र एकमत आहे. लंडनची रेल्वे पॅसेंजर्स अॅश्युरन्स कंपनी १८४९ पासून तिकिटाबरोबर विमा विकू लागली : पहिल्या वर्गाला तीन पेन्स भरून १,००० पौंड, दुसऱ्याला दोन पेन्स भरून ५०० आणि तिसऱ्याला एक पेनी भरून २०० पौंड. अमेरिकेत जेम्स बॅटरसन यांच्या ट्रॅव्हलर्स कंपनीने १८६४ मध्ये हार्टफर्ड येथे कामाला सुरुवात केली. पोस्टापासून घरापर्यंतच्या चालण्याचा विमा त्यांनी एका सावकाराला दोन सेंटला दिल्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. विम्याची रक्कम निरनिराळ्या कथनांत वेगवेगळी येते, त्यामुळे ती आख्यायिकेच्या अंगानेच घ्यावी.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी विमानतळांवर नाणी टाकून विमापत्र घेण्याची यंत्रे होती. १ नोव्हेंबर १९५५ रोजी डेन्व्हरहून निघालेले विमान कोलोरॅडोत हवेत फुटले आणि ४४ जण ठार झाले. जॅक ग्रॅहम याने आईच्या सामानात स्फोटके ठेवली होती आणि तिच्या नावे यंत्रातून विमा काढला होता. त्या कागदावर आईची सही नव्हती, त्यामुळे तो मुळातच निरर्थक होता. या घटनेनंतर केवळ विमान पडण्यावर काढायच्या विम्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

खरे वळण १९६३ मध्ये आले. पिएर देनो यांनी पॅरिसमध्ये युरोप असिस्टन्स ही संस्था स्थापली आणि पैशाऐवजी मदत, म्हणजे फोन उचलणारा माणूस, डॉक्टर, रुग्णवाहिका, परतीचे विमान, हेच विकायला काढले. आज विमापत्रावर छापलेला चोवीस तासांचा मदत क्रमांक ही त्याच कल्पनेची देणगी. अतिदक्षतेतील रुग्णाला डॉक्टर-परिचारिकेसह खास विमानाने हलवणे हा सर्व खर्चांतला सर्वांत जड खर्च ठरू शकतो. कधी नेहमीच्या विमानातील आसने काढून स्ट्रेचर बसवतात, तेव्हा एका रुग्णासाठी अनेक आसनांचे भाडे द्यावे लागते. शव मायदेशी आणण्यासाठी मृत्यूचा दाखला, शवलेपनाचे प्रमाणपत्र, वकिलातीचा परवाना आणि विशिष्ट पेटी लागते. दुःखात बुडालेल्या कुटुंबाकडून परक्या भाषेत हे सारे करवून घेण्यापेक्षा सहायता संस्थेने करणे ही मोठीच सोय आहे.

आपसांतील सीमा-तपासणी काढून टाकलेल्या शेंगेन गटातील युरोपीय देशांनी अल्पमुदतीच्या व्हिसासाठी हाच गाभा सक्तीचा केला. २००९ च्या व्हिसा संहितेनुसार किमान ३०,००० युरोंचे संरक्षण, तेही वैद्यकीय कारणाने मायदेशी आणणे, तातडीचे उपचार आणि मृत्यू यांसह सर्व शेंगेन क्षेत्रात वैध, असावे लागते. सामानाचा त्यात उल्लेखही नाही. ही रक्कम व्हिसा मिळण्याची किमान अट आहे, पुरेशा संरक्षणाचे माप नव्हे. ज्या देशांत उपचार फार महाग आहेत, तिथे ती एका शस्त्रक्रियेतच संपू शकते.

निवडीचा क्रम यावरून ठरतो. आधी वैद्यकीय खर्च आणि परत आणण्याची मर्यादा पाहावी, मग वर्जने, म्हणजे विमा ज्यांना लागू होत नाही त्या बाबी, मग वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यातील जो पहिला हिस्सा आपण स्वतः सोसायचा तो, आणि हप्ता सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक लोक उलट क्रमाने जातात. वर्षभराच्या विम्यात सफरी कितीही करता येत असल्या, तरी प्रत्येक सफरीच्या दिवसांवर मर्यादा असते. ३० दिवसांची मर्यादा असताना ३१ व्या दिवशी पाय मोडला, तर वार्षिक विमापत्र हातात असूनही भरपाई मिळत नाही. क्रेडिट कार्डाबरोबर ‘मोफत’ येणारा विमा बहुधा त्याच कार्डावर तिकीट काढले असेल तरच जागा होतो.

वर्जनांपैकी सर्वाधिक वाद पूर्वीच्या आजारांवरून होतात. विमा हा परम सद्भावाचा करार आहे, हे तत्त्व इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोह्म या खटल्यात मांडले : जोखमीवर परिणाम करणारी जी गोष्ट एकालाच ठाऊक आहे, ती त्याने लपवू नये. ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचा हा भार हलका केला. विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक, खरे उत्तर देणे तिथे पुरते. इतरत्र नियम याहून कडक असू शकतात. रक्तदाबाची रोजची एक गोळी ‘आजार’ वाटत नाही म्हणून अर्जात लिहायची राहते आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर तिथल्या डॉक्टरने केसपेपरवर टिपलेला ‘रक्तदाब, पाच वर्षे’ एवढा शेरा दावा फेटाळायला पुरतो. म्हणून ती गोळी अर्जात लिहावीच. हप्ता थोडा वाढेल, पण विमापत्र टिकेल.

दुसरे वर्जन ‘ज्ञात घटने’चे. संकटाची बातमी जाहीर झाल्यावर काढलेला विमा त्या संकटाला लागू होत नाही. २०२० च्या सुरुवातीस कोविडबाबत कंपन्यांनी अशाच तारखा ठरवल्या होत्या. बुकिंग केल्याबरोबर विमा काढावा, असे म्हणतात ते यासाठी. शब्दांची व्याख्या किती निर्णायक असते, ते एप्रिल २०१० मध्ये दिसले. आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश जवळपास सहा दिवस बहुतांशी बंद राहिले आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. ‘खराब हवामान’ या शब्दांत राख येते का, यावर विमा कंपन्यांची उत्तरे वेगवेगळी निघाली. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला, की राख ही असाधारण परिस्थिती असली, तरी अडकलेल्या प्रवाशांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करण्याच्या कर्तव्यातून विमान कंपनी सुटत नाही.

विमान कंपनीचे दायित्व विम्याहून वेगळे असते. १९९९ च्या माँट्रिऑल करारानुसार सामानाबाबत ते २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकारांपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. नोंदवलेल्या सामानाच्या मोडतोडीची तक्रार सात दिवसांत आणि विलंबाची तक्रार सामान ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी करावी लागते. विमानतळावरील तक्रारपत्र न घेता बाहेर पडल्यास दोन्हीकडचा दावा लंगडा होतो.

सुरक्षिततेची काळजी हा विम्याला पर्याय नसून त्याच्या अटींचाच भाग असतो. खुर्चीवर ठेवून पाण्यात उतरल्यावर गेलेली पिशवी ‘दुर्लक्षित सामान’ ठरते. मद्याच्या अमलाखालील अपघात बहुधा वगळलेला असतो. परदेशी प्रवाशांच्या अनैसर्गिक मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांचा वाटा मोठा आहे, तरीही एरवी जपून वागणारी माणसे सुट्टीत हेल्मेटशिवाय भाड्याची दुचाकी चालवतात. त्या वर्गाचा परवाना नसेल, तर अपघाताचा सगळा खर्च अंगावर येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय परवान्यांतही भेद आहे : १९४९ च्या रस्ते-वाहतूक करारानुसारचा एक वर्ष, तर १९६८ च्या करारानुसारचा जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो. डोंगरातील पदभ्रमणाला उंचीची मर्यादा असते आणि ती ओलांडणार असल्यास वाढीव संरक्षण आधी घ्यावे लागते. नेपाळमधील २०१८ च्या शासकीय चौकशीत अनावश्यक हेलिकॉप्टर-बचावाचे गैरप्रकार उघड झाले. त्यामुळे हेलिकॉप्टर मागवण्यापूर्वी शक्य असेल तेव्हा मदत क्रमांकाची संमती घ्यावी. श्वसनयंत्र लावून पाण्याखाली मारलेल्या (स्कूबा) एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा, असा प्रघात आहे.

पीतज्वराची लस प्रमाणपत्रासाठी टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरली जाते. ११ जुलै २०१६ पासून ती आजन्म वैध आहे. रोजची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत, कारण एका देशात सर्रास मिळणारी झोपेची किंवा वेदनाशामक गोळी दुसऱ्या देशात प्रतिबंधित असू शकते. अनोळखी कुत्रा किंवा माकड चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. प्रवास संपेपर्यंत थांबू नये. अटक झाल्यास आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमाने दिलेला आहे. वकिलात मात्र रुग्णालयाचे बिल भरत नाही.

दाव्याची तयारी रुग्णालयाच्या दारातच सुरू होते. दाखल होण्यापूर्वी, ते शक्य नसल्यास त्यानंतर लगेच, मदत क्रमांकावर फोन करून प्रकरणाचा क्रमांक लिहून घ्यावा. कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देण्याची सोय बहुधा त्यावरच अवलंबून असते. चोरीची पोलिसांकडील नोंद अनेक विमापत्रांत २४ तासांच्या आत लागते. विमापत्राची प्रत सोबतच्या माणसाकडेही असावी, कारण बेशुद्ध माणसाच्या मोबाइलला कुलूप असते.

बहुतेक विमापत्रे मायदेशी परतताच संपतात, परदेशात लागलेले आजार मात्र संपलेले नसतात. हिवतापाची लक्षणे डास चावल्यानंतर सात दिवसांच्या आत सहसा दिसत नाहीत, कधी काही महिन्यांनी दिसतात. त्यामुळे हिवतापाच्या प्रदेशातून आल्यावर वर्षभरात ताप आला, तर कोठे कोठे गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. या उपचारांचा खर्च प्रवासविम्यात सहसा बसत नाही. तो घरच्या आरोग्यविम्याचा विषय आहे.