रेस फ्युएल: रस्त्यावरच्या गाडीसाठी साठवण, हाताळणी आणि मिक्सिंग

रेस फ्युएल म्हणजे शर्यतीच्या इंजिनांसाठी बनवलेलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. रस्त्यावरच्या गाडीत ते सहसा नुसतं भरत नाहीत, पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि ते पण टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, वाढवला असेल किंवा इंजिनचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त असेल तर. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद असं खूप जणांना वाटतं, ते साफ चूक आहे. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती. सिलिंडरमध्ये स्पार्कने पेटलेली ज्योत पसरत जाते, पण ती पोचायच्या आत कडेचं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं की टकटक आवाज येतो, हेच नॉकिंग, आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तिथे जास्त वेळ तग धरतं. त्यामुळे स्टॉक ट्यूनवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, जी गाडी मुळात नॉक करतच नाही, तिच्यात महागडं रेस फ्युएल ओतून काहीच हाती लागत नाही.

आकड्यांची गंमत अशी की एकाच पेट्रोलला तीन आकडे असतात. आयसोऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून चाचणीच्या इंजिनात तुलना करतात. रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) ही चाचणी ६०० आरपीएमवर होते, मॉन (मोटर ऑक्टेन नंबर) ९०० आरपीएमवर आणि मिश्रण जवळपास १४९ अंश सेल्सिअसला तापवून, म्हणून मॉनचा आकडा कमी येतो. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात, युरोपात रॉन. म्हणजे रॉन ९५ आणि मॉन ८५ असलेलं पेट्रोल अमेरिकेच्या हिशेबाने ९० होतं. कॅनवरचा १०० नक्की कुठल्या पद्धतीचा आहे हे बघितलं नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे शिसं. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने नॉकिंग थांबतं हे थॉमस मिजलीने १९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये शोधलं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथेही ते २०२१ मध्ये बंद झालं, पण काही रेस फ्युएलमध्ये शिसं अजून असतं. ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर आणि एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर बसतं आणि दोन्ही निकामी करतं. विमानाचं १०० एलएल हे पेट्रोल वापरायचा मोह काहींना होतो, पण त्यातलं 'लो लेड' हे नाव फसवं आहे, लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं त्यात चालतं. रस्त्यावरच्या गाडीला अनलेडेडच, यात तडजोड नाही.

साठवणीत लोक सगळ्यात जास्त चुकतात. उन्हात तापलेल्या कॅनचं झाकण फिरवलं की जो फुस्स आवाज येतो ना, ती पेट्रोलमधल्या सगळ्यात हलक्या घटकांची वाफ असते, ब्युटेन, आयसोपेंटेन वगैरे, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती थोडीथोडी उडून जाते. पहिला फटका ऑक्टेनला बसत नाही, थंड इंजिन स्टार्ट करायला बसतो. म्हणून घट्ट झाकणाचा धातूचा कॅन किंवा ड्रम, सावलीची थंड जागा, आणि झाकणाचा वॉशर शाबूत. पांढऱ्या अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या कॅनमधून ऊन आत जातं, शिसं असेल तर त्याचं विघटन होतं, रंगही फिका पडतो. कॅन गच्च भरायचा नाही कारण पेट्रोल तापलं की फुगतं, पण अर्धा रिकामाही ठेवायचा नाही, ड्रम निम्म्यावर आला की उरलेलं छोट्या कॅनमध्ये काढलेलं बरं. इथेनॉल असलेलं फ्युएल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासकट खाली बसतं, वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल.

हाताळताना लक्षात ठेवायचं की पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे कितीही थंडी असली तरी वर पेटू शकणारी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत लांबच्या ठिणगीपर्यंत जाते. कॅन भरताना तो जमिनीवरच ठेवायचा, गाडीच्या डिकीत ठेवून भरला तर स्टॅटिक चार्ज जमिनीत उतरत नाही. ड्रममधून काढताना ड्रम आणि कॅन तारेने जोडायचे. नायट्राइलचे हातमोजे हवेत, आणि तोंडाने नळी ओढणं तर अजिबात नाही, त्यात बेंझिन असतं आणि त्याने कॅन्सर होतो.

मिक्सिंगचं गणित साधी सरासरी आहे. ५० लिटरची टाकी, आत रॉन ९५ चं १० लिटर उरलंय, त्यात रॉन १०५ चं १५ लिटर आणि परत ९५ चं २५ लिटर टाकलं, तर ऑक्टेन ९८ च्या जवळ येतं. टाकीतलं उरलेलं धरायला विसरलात तर कागदावर ९८.७५ दिसतं आणि तेवढ्या भरवशावर टायमिंग पुढे नेलं, म्हणजे स्पार्क लवकर पाडला, की गडबड होते. हा अंदाजच आहे, इथेनॉलसारखे घटक सरळ रेषेत वागत नाहीत. शिवाय पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला ९ पट, त्यामुळे इथेनॉलसारखे ऑक्सिजनवाले घटक असलेलं रेस फ्युएल मिसळलं आणि इंजेक्टरने जास्त इंधन दिलं नाही तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं.

टाकीत आधी रेस फ्युएल ओतायचं, मग पंपावरचं, म्हणजे धारेने आपोआप ढवळलं जातं. पेट्रोलच्या लाइनमध्ये आणि इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलमध्ये मात्र जुनंच पेट्रोल असतं, म्हणून पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवायचं आणि नॉकचं लॉग, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली नोंद, बघूनच बूस्ट वाढवायचा. आणि मिश्रण संपून टाकीत परत साधं पेट्रोल भरलं की ट्यूनचा मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं बूस्ट आणि टायमिंगचं कोष्टक, त्याच वेळी मागे घ्यायचा, रेस फ्युएलच्या मॅपवर साधं पेट्रोल जाळलं की नॉकिंगने पिस्टनच्या दोन रिंगांमधली पट्टी तुटू शकते.